व्हिडिओ बघून "कळलं" वाटतं, ते नक्की काय असतं?

वर्गात स्मार्टबोर्ड आला, मुलांच्या हातात टॅब आले की शिकणं आपोआप सुधारेल असं बऱ्याच जणांना मनापासून वाटतं. 1913 साली एडिसनलाही तसंच वाटलं होतं, तो म्हणाला होता शाळेतली पुस्तकं लवकरच जाणार, आता सगळं सिनेमातून शिकवता येईल. पुस्तकं काही गेली नाहीत. पडद्यावर काय चाललंय यापेक्षा तेव्हा मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे महत्त्वाचं.

परवा भाची चंद्राच्या कलांचा व्हिडिओ बघत होती. कळलं का विचारलं तर "हो, सोप्पंय". मग टॅब बाजूला ठेवला, कोरा कागद दिला, म्हटलं आता काढून दाखव. तिने सूर्य काढला, पृथ्वी काढली, चंद्र काढला आणि चंद्रावर चक्क पृथ्वीची सावली पाडली! ते तर ग्रहण झालं. चंद्राचा अर्धा भाग कायम उजेडात असतो, त्यातला किती आपल्याकडे वळलेला आहे त्यावर कला ठरते, आणि व्हिडिओत हे अगदी नीट सांगितलं होतं.

मग तिला सोप्पं का वाटलं? कारण समोर चित्र हलत असताना डोक्याला स्वतःहून काही उभं करावं लागत नाही, सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं असा मेंदूचा समज होतो. आठवणं हे फाईल उघडण्यासारखं नसतं. एक धागा धरून दुसरा, त्यावरून तिसरा असं शोधत जावं लागतं आणि ज्या वाटेने आपण पोचतो ती वाट त्या शोधण्यामुळेच पक्की होते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हे फार छान दाखवलं. विद्यार्थ्यांनी काही उतारे दोनदा वाचले, काही एकदाच वाचून मग न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचलेलं जास्त आठवलं, 81 टक्के विरुद्ध 75. पण आठवड्याने? वाचलेलं 42, आठवून लिहिलेलं 56! आणि लिहिताना काय चुकलं हे त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं.

चूक समजली तर अजून फायदा, खात्रीने दिलेलं उत्तर चुकलं की दुरुस्ती जास्त पक्की बसते. भाचीने तो व्हिडिओ परत लावला तेव्हा चंद्राचा उजेडातला भाग आपल्याकडे किती वळलाय ते दाखवणाऱ्या चित्रापाशी तिने स्वतःच पॉज केला.

वर्गात तंत्रज्ञान वापरायचं तर ते असं. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी 1991 मध्ये हेच सुरू केलं, प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी एकट्याने मत नोंदवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि परत मत द्यायचं. 2009 मधल्या एका अभ्यासात तर ज्या गटांत बहुधा कुणालाच उत्तर येत नव्हतं, तिथेही चर्चेनंतर मुलं सुधारली.

आणि "माझं मूल व्हिज्युअल लर्नर, म्हणजे बघूनच शिकणारं आहे, त्याला व्हिडिओच लागतो" हे आता सोडाच. अशा शैलीप्रमाणे शिकवून फायदा होतो याला नीट पुरावा नाही, हे 2008 मध्येच एका मोठ्या आढाव्यात सांगून झालंय, तरी अॅपवाले तेच विकतात. व्हिडिओ दाखवा, खुशाल दाखवा, पण मध्येच थांबवून कोरा कागद पुढे करा आणि मूल अडखळलं की लगेच उत्तर सांगू नका, कारण त्या अडखळण्यातच तो शोध चाललेला असतो.