जेकोबियन सूडनाट्यातली नीती आणि नीच माणसं

इंग्लंडच्या गादीवर पहिला जेम्स होता तो काळ, म्हणजे 1603 ते 1625, आणि त्या काळात लंडनच्या रंगभूमीवर सूडाच्या ज्या रक्तबंबाळ शोकांतिका चालल्या त्यांना जेकोबियन सूडनाट्य म्हणतात. साचा जुनाच आहे, रोमन नाटककार सेनेकापासून आलेला, आणि थॉमस किडने 1580च्या दशकात 'द स्पॅनिश ट्रॅजेडी' लिहून तो इंग्लिश प्रेक्षकांच्या डोक्यात पक्का बसवला. खून झालाय, खुनी सत्तेवर बसलाय, कोर्टात जाऊन उपयोग नाही, मग जवळचा माणूस वेषांतर करून किंवा वेडाचं सोंग घेऊन स्वतःच हिशेब चुकता करतो. हॅम्लेट याच घराण्यातला, पण तो जेम्सच्या आधीच्या एलिझाबेथ राणीच्या शेवटच्या वर्षांतला. मारायचं की नाही यावर तो निदान विचार तरी करत बसतो, त्याच्यानंतरची बहुतेक मंडळी तेवढंही करत नाहीत.

या नाटकांत नीतीवर सगळ्यात भारी कोण बोलतं, तर सगळ्यात बिघडलेली माणसं. 'द रिव्हेंजर्स ट्रॅजेडी' घ्या. 1607च्या सुमारास छापलं तेव्हा त्यावर लेखकाचं नावच नव्हतं, पुढे बरीच वर्षं ते सिरिल टर्नरच्या नावावर खपलं, आता बहुतेक अभ्यासक थॉमस मिडलटनचं मानतात. त्यातल्या व्हिंडिचीच्या होणाऱ्या बायकोने म्हाताऱ्या ड्यूकला नकार दिला म्हणून ड्यूकने तिला विष घातलं, आणि हा पठ्ठ्या नऊ वर्षं तिची कवटी जवळ बाळगून दरबाराच्या पापांवर प्रवचनं झोडतोय. पुढे ड्यूकच्या मुलाकडे वेष बदलून नोकरीला लागतो तर काम काय मिळतं, स्वतःच्याच बहिणीला त्या मुलासाठी पटवायचं! बहीण त्याच्या कानफटात मारते, त्याला भयंकर आनंद होतो, पण तिथे थांबेल तर शपथ, आईची पण परीक्षा घेतो आणि पैशाचं नाव निघाल्यावर आई पाघळते. शेवटी त्याच कवटीला नटवून, तोंडाला विष फासून अंधारात ड्यूकपुढे बाई म्हणून उभी करतो आणि ड्यूक तिचं चुंबन घेतो. ज्या बाईच्या पावित्र्यासाठी एवढा जीव टाकला तिलाच मेल्यावर त्या धंद्याला लावलं, आणि हे त्याच्या स्वतःच्या कधी लक्षातच येत नाही. आकाशात गडगडाट झाला तरी तो देवाला वेळेवर एंट्री घेणाऱ्या नटासारखी शाबासकी देतो. नव्या सत्ताधाऱ्याला, अँटोनिओला, खुशीत येऊन स्वतःच सांगतो की खून आम्हीच केले, तर अँटोनिओ लगेच फाशी फर्मावतो. का, तर ज्यांनी ड्यूकला मारलं ते उद्या मलाही मारतील. म्हणजे शिक्षा झाली खरी, पण त्यात न्यायापेक्षा भीतीच जास्त.

जॉन वेब्स्टरच्या 'द डचेस ऑफ माल्फी'मधला (1613-14) बोसोला मला व्हिंडिचीपेक्षा जास्त खरा वाटतो. खुनासाठी सात वर्षं गॅलीवर वल्ही मारून आलेला, तो खून डचेसच्या भावाने, कार्डिनलने (चर्चमधला बडा धर्माधिकारी), करवला अशी कुजबुज, आणि हाती काही नाही. पोटासाठी डचेसवर पाळत ठेवतो, ती गरोदर आहे का बघायला तिला जर्दाळू खायला देतो, शेवटी तिला गळा आवळून मारवतो, आणि तिचा दुसरा भाऊ बक्षीस म्हणून काय देतो तर माफी! मग कुठे त्याला रडू येतं, सूड घ्यायला निघतो आणि अंधारात भलत्यालाच, नेमक्या वाचवायच्या माणसालाच भोसकतो.

मिडलटन आणि रोलीच्या 'द चेंजलिंग'मध्ये (1622) तर ढोंग आणखी उघडं पडतं. बिआट्रिस-जोआना नको असलेला नवरदेव डी फ्लोरेस नावाच्या नोकराकडून मारवते, तो पुरावा म्हणून अंगठीसकट बोट कापून आणतो. ती पैसे पुढे करते, त्याला तीच हवी असते. ती अब्रूची भाषा सुरू करते तेव्हा तो सरळ ऐकवतो की रक्तात बुडालेल्या बाईने अब्रूच्या गप्पा मारू नयेत.

कथा इटली-स्पेनमधल्या, पण प्रेक्षकाला लंडन दिसतच असणार. 1613 मध्ये सर थॉमस ओव्हरबरी हा दरबारी टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत मेला, पुढे विषप्रयोग उघडकीस आला, हाताखालच्या चौघांना फाशी झाली आणि त्याच गुन्ह्यात दोषी ठरलेल्या सॉमरसेटच्या अर्ल आणि काउंटेसला राजाने माफी दिली. खाजगी सूड हे पाप, असं चर्च सांगत होतंच. तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने 1625 मध्ये सूडाला एक प्रकारचा रानटी न्याय म्हटलं. पण राजाच गुन्हेगार असेल तर दाद कुठे मागायची, याचं सोपं उत्तर काही मिळत नव्हतं.

टर्नरच्या 'द अथिइस्ट्स ट्रॅजेडी'त (1611) मात्र उलटं आहे. बापाचं भूतच मुलाला सांगतं, सूड देवावर सोड. मुलगा ऐकतो, आणि त्याचं डोकं उडवायला कुऱ्हाड उगारलेल्या काकाचा घाव स्वतःच्याच डोक्यात बसतो. नीतीचा हिशेब अगदी चोख लागतो, फक्त तो मुलगा नाटकभर कंटाळवाणा वाटतो.