अमेरिकेत शैक्षणिक कर्ज दिवाळखोरीतही सुटत नाही?

अमेरिकेत दिवाळं निघालं तरी शैक्षणिक कर्ज मानगुटीवरून उतरत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं. १९७६च्या कायद्याने परतफेडीच्या पहिल्या पाच वर्षांत कर्ज रद्द करून घेण्याची वाट अडवली. १९९०मध्ये पाचाची सात वर्षं झाली, १९९८मध्ये मुदतच उडाली, म्हणजे वाट कायमची अडली. २००५मध्ये बहुतेक खासगी कर्जंही त्यात ओढली गेली. पण असह्य हलाखी सिद्ध केली तर सुटका, ही सवलत १९७६पासून कायम आहे. गोम अशी की, त्यासाठी दिवाळखोरी न्यायालयात वेगळा दावा लावावा लागतो, आणि बहुतेक कर्जदार तो लावतच नाहीत. (दिवाळखोराने वकिलाची फी आणायची कुठून, हाही प्रश्न आहेच.) नोव्हेंबर २०२२मध्ये न्याय खात्याने सरकारी कर्जांपुरती, अशा दाव्यांना आपल्या वकिलांकडून होणाऱ्या विरोधाची धार कमी केली. कायद्यातलं कलम मात्र तसंच राहिलं.