शेजाऱ्याच्या रानातून पाइपलाइन न्यायचीय? कलम 49 चा अर्ज असा करा

विहीर ओढ्याकाठच्या तुकड्यात, आपलं मोठं रान वर माळाला आणि मधले दोन गट दुसऱ्याचे. वाटण्या झालेल्या गावांत हे चित्र नेहमीचंच. पाणी पलीकडे पोचलं तर बागायत, नाहीतर ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचं. शेजारी "नाही" म्हणाला की विषय संपला, असं बरेच जण धरून चालतात. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 49 खाली तहसीलदार त्या शेजाऱ्याला पाट किंवा पाइपलाइन जाऊ देण्याचा लेखी आदेश देऊ शकतात.

एक मात्र पक्कं लक्षात घ्या. हे कलम पाण्याला वाट देतं, पाणी देत नाही. स्रोतावर तुमचा हक्क आधीपासून हवा. स्वतःची विहीर असेल तर सातबाऱ्यावर तिची नोंद आहे ना, ते आधी बघा. विहीर खोदून दहा वर्षं झाली आणि नोंदच नाही, असं सर्रास असतं. मग पहिली चक्कर तलाठ्याकडे. सामाईक विहिरीत हिस्सा असेल तर वाटणीपत्र किंवा खरेदीखत काढून ठेवा. नदी, धरण किंवा कालव्यातून पाणी उचलायचं तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते. आणि पाणी शेतीसाठीच हवं. वीटभट्टी किंवा ढाब्यासाठी हे कलम चालत नाही.

अर्ज विहित नमुन्यात तहसीलदारांकडे करायचा. सोबत तुमचा सातबारा आणि 8-अ (तुमच्या नावावरच्या जमिनींचा खातेउतारा), लाइन ज्या ज्या गटातून जाणार त्या प्रत्येकाचा चालू सातबारा, गटनकाशा आणि त्यावर लाल शाईने आखलेला मार्ग, शिवाय पाण्याच्या हक्काचा पुरावा. शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर जेवढी नावं, तेवढ्यांचे पत्ते अर्जात द्या. कसणारा एकटा थोरला भाऊ असला तरी नाव असलेल्या बहिणींनाही नोटीस जायला हवी. एक नाव राहिलं की तारीख पुढे गेलीच म्हणून समजा. शेजाऱ्याशी बोलणी करून जमलं नाही, हेही अर्जात लिहा. समजुतीने झालं नाही तरच हे कलम लागतं.

नोटिसा निघतात, जागेवर पाहणी होऊन पंचनामा होतो, हरकती ऐकल्या जातात. तुमच्या जमिनीचा शेतीसाठी पुरेपूर वापर व्हायला ही वाट गरजेची आहे का, एवढंच तहसीलदार बघतात. म्हणून किती क्षेत्र, कोणतं पीक, पाणी किती पुरेल हे सुनावणीत नेमकं सांगा.

आदेशातल्या अटी कायद्यातच आहेत. जमिनीखालची पाइप किमान अर्धा मीटर खोल हवी. माझं मत विचाराल तर याहून खोल घ्या, नांगराचा फाळ लागून पाइप फुटली की भांडण पुन्हा सुरू. उघडा पाट दीड मीटरपेक्षा रुंद नको. मार्ग शक्यतो जवळचा आणि शेजाऱ्याचं कमीत कमी नुकसान होईल असा. पाइपसाठी खोदलेली चारी बुजवून रान पूर्ववत करून द्यायचं, तेही तुमच्या खर्चाने.

भाडं ऐकून हसू येईल. जमिनीखालच्या पाइपला दर 10 मीटरला वर्षाला 25 पैसे! 185 मीटर लाइन असेल तर 19 टप्पे धरतात, म्हणजे पावणेपाच रुपये. खरा पैसा जातो तो नुकसानभरपाईत. उभ्या उसातून चारी काढली तर ती भरावी लागणारच, त्यामुळे रान मोकळं असताना काम उरका. भरपाई किंवा भाडं थकलं तर ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखं वसूल होतं.

पूर्वीपासून चालू असलेला पाट कोणी बुजवला असेल तर मात्र कलम 49 कडे जाऊ नका. त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चं कलम 5 आहे आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करावा लागतो. शेतरस्त्याचा अर्ज आणखी वेगळा, तो जमीन महसूल संहितेच्याच कलम 143 चा.

आणखी एक तरतूद फार कमी जणांना माहीत असते. तुमच्या लाइनमधलं जादा पाणी ठरलेल्या दराने वापरायचा हक्क त्या शेजाऱ्यालाही आहे. अर्ज टाकण्याआधी ही गोष्ट त्याच्या कानावर घालून बघा. त्याचं रान जिरायत असेल तर कदाचित तहसीलची पायरी चढावीच लागणार नाही.