पितळी वाद्ये आणि अकॉर्डियन : एका जोडीची पार्श्वभूमी

पितळी वाद्यवृंद आणि अकॉर्डियन यांच्या कार्यक्रमात बाख या जर्मन अभिजात संगीतकाराच्या रचनेपाठोपाठ एखादी खेडवळ पोल्का, म्हणजे नाचाची धून, वाजू लागली, की ही केवळ टाळ्यांसाठी केलेली सरमिसळ असावी, अशी शंका येते. या वाद्यांचा इतिहास पाहिला तर ती फारशी टिकत नाही.

पितळी वाद्यांचे अभिजात घराणे जुने आहे. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चशी निगडित असलेल्या जोव्हान्नी गाब्रिएलीने १५९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘सोनाता पियान ए फोर्ते’ या रचनेत आठ वाद्यांपैकी सहा ट्रॉम्बोन आहेत. ट्रॉम्बोनची नळी सरकवून लांब करता येते, म्हणून त्यावर सगळे स्वर निघतात; ट्रम्पेट आणि हॉर्न यांना मात्र निसर्गतः मिळणाऱ्या मोजक्याच स्वरांवर भागवावे लागे. ही अडचण दूर केली ती व्हॉल्व्हने. श्ट्योल्त्सेल आणि ब्ल्यूमेल या दोघांनी १८१८ मध्ये प्रशियात त्याचे पेटंट घेतले. व्हॉल्व्ह दाबला की हवा नळीच्या जादा वेटोळ्यातून फिरून येते आणि स्वर उतरतो : पुढे रूढ झालेल्या तीन व्हॉल्व्हच्या रचनेत मधल्याने अर्धा, पहिल्याने एक आणि तिसऱ्याने दीड. तीन बोटांत सर्व सप्तक आल्यामुळे दिवसभर गिरणीत राबणाऱ्या माणसालाही हे वाद्य शिकणे शक्य झाले, आणि उत्तर इंग्लंडमधील गिरण्या व खाणींच्या वस्त्यांत कामगारांचे बँड उभे राहिले. ऑपेरातील सुरावटी अनेकांच्या कानी प्रथम पडल्या त्या या बँडमधूनच.

अकॉर्डियनचा प्रवास उलट दिशेने झाला. व्हिएन्नातील सिरिल डेमियानने १८२९ मध्ये पेटंट घेतलेल्या वाद्याला पाचच पट्ट्या होत्या. प्रत्येक पट्टी भाता दाबताना एक आणि ओढताना दुसरा असा तयार स्वरमेळ, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, देई, आणि ‘अकॉर्ड’ म्हणजे स्वरमेळ यावरूनच वाद्याला नाव मिळाले. हलके, दणकट आणि एकट्याने नाच रंगवू शकणारे असल्यामुळे ते शेतकरी, खलाशी आणि स्थलांतरितांच्या हाती गेले. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीने १८८३ च्या दुसऱ्या ऑर्केस्ट्रा सूटमध्ये (वाद्यवृंदासाठीच्या रचनामालिकेत) चार अकॉर्डियन घेतले, पण तेही ऐच्छिक! डाव्या हाताच्या बटणांतून ठरावीक स्वरमेळच निघत असल्याने बाखचे स्वतंत्र मंद्र स्वर वाजवणे अवघडच होते. सुटे स्वर देणारी ‘फ्री बेस’ रचना रुळल्यावर, म्हणजे विसाव्या शतकात, अकॉर्डियन संगीतविद्यालयांत मानाने शिकवले जाऊ लागले.

या जोडीचे खरे जमते ते श्वासात. भात्याने स्वर फुलवता आणि विरवता येतो, तसाच फुंकीनेही. फरक इतकाच, की पितळी वाद्य वाजवणाऱ्याचे ओठ थकतात, भाता थकत नाही. म्हणून कार्यक्रमाच्या मध्यावर अकॉर्डियनचे एकलवादन ठेवले, तर ट्रम्पेटवाल्यांना शेवटच्या उंच स्वरांसाठी दम राखता येतो.