बॅगर गवत ओढत नाही? आधी रेसचा दांडा बघा

आमच्याकडून राइड-ऑन मोवर (बसून चालवायचं गवत कापायचं मशीन) घेतलेल्या किंवा भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी

पावसाळा लागला की नाशिकच्या गंगापूर रोड, त्र्यंबक रोडकडच्या फार्महाऊसवरून आणि लग्नाच्या लॉन्सवरून आम्हाला एकच फोन येतो: "बॅगा रिकाम्या, नळी गच्च, मागे गवताचे पुंजके पडतायत. बॅगर बदलून द्या." आमचा माणूस जाऊन बघतो तेव्हा बॅगर, म्हणजे कापलेलं गवत गोळा करणारी मागची बॅगांची जोडणी, बहुतेक वेळा ठणठणीत असतो. रेसचा दांडा मात्र कासवावर असतो.

दांड्याच्या एका टोकाला ससा आणि दुसऱ्या टोकाला कासव काढलेलं असतं. गवत सावकाश, नीट कापायचं म्हणून माळी दांडा कासवाकडे ओढतात. पेट्रोल वाचेल असंही वाटतं. इथेच सगळं बिनसतं. मशीन किती वेगाने चालवायचं ते पायातलं पेडल किंवा गिअर ठरवतो. दांड्याचं काम इंजिनाचे फेरे ठरवण्याचं, आणि त्याच फेऱ्यांवर ब्लेड फिरतं.

आम्ही देतो त्या बॅगरला स्वतःचा पंखा नसतो. ब्लेड हातात घेऊन बघा, धारेच्या मागची कड वर वळवलेली दिसेल. ब्लेड जोरात फिरलं की ही वळलेली कड डेकखालची (ब्लेडवरच्या पत्र्याच्या झाकणाखालची) हवा वर उचलते आणि कापलेलं गवत त्या हवेबरोबर नळीतून मागे बॅगेत जाऊन पडतं. फेरे कमी झाले की हवा पडते. मग गवत नळीच्या वळणावर थांबतं, त्यावर आणखी येऊन बसतं आणि थोड्या वेळात बोळा तयार होतो. द्राक्षबागेत ब्लोअर चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही: ट्रॅक्टरची रेस उतरवली की पीटीओला (ब्लोअर फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टला) मिनिटाला ५४० फेरे मिळत नाहीत आणि औषध वेलीच्या आतपर्यंत पोचत नाही.

म्हणून ब्लेड चालू असेपर्यंत दांडा पूर्ण सशावर ठेवा. सावकाश जायचं असेल तर पेडल कमी दाबा, गिअरचं मशीन असेल तर खालचा गिअर टाका. पेट्रोलची बचत म्हणाल तर तुंबलेली नळी मोकळी करून त्याच जागेवरून पुन्हा मशीन फिरवण्यात ती कधीच निघून जाते. शिवाय ही इंजिनं हवेवर थंड होतात. फेरे कमी ठेवून जड गवतात मशीन रेटलं की इंजिनावर ताण येतो आणि थंड करणारी हवाही कमी मिळते.

दांडा सशावर असूनही बॅगा भरत नसतील तर बॅगरच्या झाकणाची जाळी बघा. नळीतून आलेली हवा या जाळीतून बाहेर पडते. सुकलेल्या गवताची बारीक हिरवट पूड तिच्यावर इतकी घट्ट बसते की उजेडाकडे धरली तरी पलीकडचं दिसत नाही. हवेला बाहेर पडायला वाट नसेल तर आत यायलाही वाव राहत नाही. आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग पाणी मारा. डेकखाली चिकटलेला गवताचा थरही खरवडून काढा. मल्चिंगचं (गवत बारीक करून तिथेच पाडण्याचं) बूच आणि मल्चिंगचं ब्लेड लावलेलं असेल तर ते बदलल्याशिवाय बॅगर चालणार नाही.

ओलं गवत हा दुसरा विषय. शक्य असेल तर सुकू द्या. त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस उघडीपच देत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे. तिथे डेक वर घ्या, निम्म्या रुंदीचाच पट्टा घ्या आणि एका वेळी पातीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कापू नका. सहा इंच वाढलेलं गवत आधी चार इंचांवर आणा, उरलेलं तीन-चार दिवसांनी. तुळशीच्या लग्नानंतर लॉन्सवाले सकाळी सातलाच मशीन काढतात, तेव्हा हिरवळ दवाने निथळत असते. संध्याकाळचा कार्यक्रम असेल तर ऊन चढल्यावर कापा, सकाळचा असेल तर आदल्या दुपारी. त्याआधी मंडपाचे खिळे, बाइंडिंग वायर आणि हारांचे दोरे वेचून घ्या. दोरा स्पिंडलला, म्हणजे ब्लेडच्या आसाला, गुंडाळत थेट बेअरिंगपर्यंत जातो.

नळी तुंबलीच तर ब्लेड बंद करा, इंजिन बंद करा, किल्ली काढा, ब्लेड पूर्ण थांबू द्या आणि प्लगची वायर काढा. मगच काठीने बोळा काढा. हात घालायचा नाही. सीटवरून उठल्यावर इंजिन बंद पडू नये म्हणून काही ठिकाणी सीटखालचा स्विच तारेने बांधलेला सापडतो. असं मशीन आम्ही स्विच पूर्ववत केल्याशिवाय हातात घेत नाही. त्यावर कुणी रागावलं तरी चालेल, माळ्याची बोटं शाबूत राहिली पाहिजेत.

भरलेल्या बॅगांचं वजन मागे येतं आणि पुढची चाकं हलकी होतात. जागा उताराची असेल तर पुढचं वजन लावून घ्या, आमच्याकडे मिळतं. बॅगा रात्रभर भरलेल्या ठेवू नका. ओलं गवत आत तापतं, आंबतं, कापडही कुजतं. ते सुक्या पाचोळ्यात मिसळून खड्ड्यात टाका, चांगलं खत होतं. आणि दर वेळी बॅगर लावायलाच हवा असंही नाही. नियमित कापत असाल तर बारीक तुकडे हिरवळीवरच राहू द्या, त्यातला नत्र मातीला परत मिळतो. गवत फार वाढलेलं असेल, कार्यक्रम असेल किंवा फुलावर आलेलं गाजरगवत मध्ये असेल, तेव्हा बॅगर हवाच.

नळी साफ करायला माणूस पाठवला तर वॉरंटीतही व्हिजिट चार्ज लागतो, यावरून नाराजी होते. वॉरंटीत बिघडलेला भाग आम्ही विनातक्रार बदलून देतो. तुंबलेली नळी हा बिघाड नाही, आणि त्या फेरीसाठी दुसऱ्या एखाद्या ग्राहकाचं खरोखर बंद पडलेलं मशीन ताटकळतं. माळी बदलला तर नव्या माळ्याला वर्कशॉपवर पाठवा, मशीन चालवून दाखवायचे पैसे आम्ही घेत नाही. ब्लेडला धार लावून बॅलन्स करणं, जाळी आणि बेल्ट तपासणं ही कामं मे महिन्यातच उरकून घ्या. जूनमध्ये सगळ्यांची मशीन एकदम येतात. फोन करताना मॉडेल नंबर, दांडा कुठे होता आणि गवत ओलं होतं का, एवढं सांगितलंत तर पुष्कळदा काम फोनवरच होतं.