जुना मेटल अल्बम, नवी आवृत्ती: रीमास्टरच्या वादाची पार्श्वभूमी

१९८०च्या आसपासचा एखादा गाजलेला हेवी मेटल अल्बम आज विकत घ्यायला निघालं, की एकाच नावाखाली सहा-सात वेगळे आवाज समोर येतात. मूळ एलपी, ऐंशीच्या दशकातली पहिली सीडी, नव्वदीतला रीमास्टर (जुन्या टेपवरून आवाज नव्याने घडवून काढलेली आवृत्ती), त्यानंतरचा जादा गाण्यांचा रीमास्टर, वर्धापनदिनाचा बॉक्स सेट, १८० ग्रॅमची नवी एलपी आणि स्ट्रीमिंगवरची फाइल. मुखपृष्ठ तेच असतं, गाणीही बहुतेक तीच. पण ऐकायला बसलं की फरक कळतो. संग्राहकांमधली निम्मी भांडणं याच फरकावरून होतात, आणि त्यांची मुळं सत्तरच्या दशकापेक्षा १९९५ ते २००४ या दहा वर्षांत जास्त सापडतात.

सत्तरच्या दशकाबद्दल एवढंच, की ‘मूळ आवृत्ती’ तेव्हाही एकच नव्हती. ब्लॅक सॅबथ या बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी ब्रिटनमध्ये आला, तेव्हा त्यात ‘ईव्हिल वूमन’ होतं. अमेरिकी आवृत्तीत त्याच्या जागी ‘विकेड वर्ल्ड’ आलं. जूडस प्रीस्टच्या १९८०मधल्या ‘ब्रिटिश स्टील’चंही तेच: ब्रिटिश एलपी ‘रॅपिड फायर’ने उघडते, अमेरिकी एलपी ‘ब्रेकिंग द लॉ’ने. लहानपणी जी प्रत कानावर पडली तोच क्रम बरोबर, असं म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

खरी अडचण माध्यमाची होती. एलपीच्या एका बाजूला १८ ते २२ मिनिटं आरामात बसतात. त्याहून जास्त भरायचं तर खाचा जवळजवळ आणाव्या लागतात. मग पातळी खाली घ्यायची आणि बास छाटायचा, एवढंच हातात उरतं. मेटालिकाचा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ साधारण ५५ मिनिटांचा, म्हणजे दर बाजूला सत्तावीस मिनिटं. त्यातच तबकडीच्या आतल्या भागात सुईखालून सरकणाऱ्या खाचेचा वेग कमी होत जातो, त्यामुळे शेवटच्या गाण्यात झांजा आणि ‘स’ चरचरतात. म्हणून २००८मध्ये हाच अल्बम ४५ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या, दोन तबकड्यांवर काढला गेला. उलट स्लेयरचा ‘रेन इन ब्लड’ जेमतेम २९ मिनिटांचा. त्याच्या कॅसेटवर दोन्ही बाजूंना अख्खा अल्बम भरलेला होता.

महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात मेटलची ओळख झाली ती मुख्यतः कॅसेटवरून. हातोहात फिरणाऱ्या ९० मिनिटांच्या कॅसेटवर एका बाजूला ४५ मिनिटं मावतात. ‘पॅरानॉइड’, ‘ब्लिझार्ड ऑफ ऑझ’, ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ एका बाजूत सुटसुटीत बसत. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ बसत नसे. टेप संपे ती ‘ओरायन’च्या मध्यावर, आणि ‘डॅमेज, इंक.’ जायचंच. त्या पिढीतले लोक आज संग्रह करू लागले की बरेचदा आधी पूर्ण लांबीच्या सीडीकडे वळतात आणि मग एलपीकडे, ते यामुळे.

सीडी १९८२च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये बाजारात आली: १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. पहिल्या मेटल सीडींचा आवाज ‘पातळ’ म्हणून बदनाम आहे, आणि त्यात तथ्य आहे. कंपन्यांनी अनेकदा मूळ मिक्सची (सगळी वाद्यं आणि गायन एकत्र बसवलेली) टेप न वापरता एलपी कापण्यासाठी आधीच बास छाटून तयार केलेली दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची प्रत सीडीवर चढवली. पण त्या सीडींची एक बाजू नंतर लक्षात आली: कुणी आवाज ठोकून वाढवलेला नव्हता. ड्रमचा फटका अंगावर येतो, कारण त्याच्या आजूबाजूला जागा शिल्लक असते. आवाजाचं बटण थोडं जास्त फिरवायचं, एवढंच.

जुन्या सीडींचा आणखी एक सापळा म्हणजे प्री-एम्फसिस. काही सुरुवातीच्या सीडींवर वरचे स्वर मुद्दाम चढवून ठेवलेले असतात, वीस किलोहर्ट्झच्या आसपास जवळजवळ १० डेसिबलपर्यंत. सीडी प्लेअर ती खूण वाचून ते परत खाली आणतो. तीच सीडी संगणकावर रिप केली, म्हणजे फाइल म्हणून उतरवली, तर ही दुरुस्ती बहुधा होत नाही आणि गिटार पत्र्यासारखी वाजते. मग ‘जुनी सीडी कर्कश आहे’ असा निष्कर्ष निघतो. रिप करताना ही खूण तपासावी. ती कधी विषयसूचीत असते, कधी फक्त सबकोडमध्ये, म्हणजे संगीतासोबत नोंदलेल्या जोडमाहितीत. त्यामुळे सॉफ्टवेअरने ‘नाही’ म्हटलं तरी लगेच विश्वास ठेवू नये. खूण सापडली, तर सॉक्ससारख्या ध्वनी-सॉफ्टवेअरमधला डी-एम्फसिस फिल्टर एकदाच लावायचा.

नव्वदीच्या मध्यापासून दोन गोष्टी एकत्र आल्या. मूळ टेप पुन्हा शोधून चांगल्या यंत्रावरून उतरवल्या जाऊ लागल्या, हा निखळ फायदा. साधारण १९७५नंतरच्या पाठीवर लेप असलेल्या टेप दमट हवेत चिकट होतात. त्या ५०-५५ अंश सेल्सिअसला आठ तास किंवा जास्त भाजाव्या लागतात आणि मग काही आठवड्यांत प्रत काढून घ्यावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे डिजिटल लिमिटर. येणारं शिखर आधीच पाहून ते छाटायचं आणि बाकी सगळं वर ढकलायचं. आयर्न मेडनच्या जुन्या अल्बमांचे १९९८चे रीमास्टर, २००१च्या सुमाराचे जूडस प्रीस्टचे रीमास्टर या लाटेतले. गिटारची भिंत मोठी झाली, स्नेअर (ड्रमसंचातला करकरीत फटक्याचा ड्रम) तिच्यात बुडाला. एकाच शिक्क्याखाली चांगली टेप आणि वाईट लिमिटर दोन्ही विकले गेले, त्यामुळे ‘रीमास्टर चांगला की वाईट’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही.

याच वातावरणात २००२मध्ये दोन जुन्या अल्बमांतलं मूळ वादनच बदलण्याचा निर्णय झाला.

‘ब्लिझार्ड ऑफ ऑझ’ (१९८०) आणि ‘डायरी ऑफ अ मॅडमन’ (१९८१) हे ब्लॅक सॅबथमधून बाहेर पडलेल्या ऑझी ऑस्बर्न या गायकाचे पहिले दोन अल्बम. गाण्यांच्या रचनेत बासवादकाचा मोठा वाटा होता. दुसरा अल्बम बाजारात येईपर्यंत बासवादक आणि ड्रमवादक दोघांनाही काढलेलं होतं, आणि त्याच्या कव्हरवर नाव-फोटो आले ते नव्या जोडीचे, ज्यांनी त्यावर एक सूरही वाजवलेला नव्हता. श्रेय आणि रॉयल्टीचं भांडण ऐंशीच्या दशकातच कोर्टात गेलं आणि नव्वदीच्या अखेरीस पुन्हा उभं राहिलं. २००२च्या आवृत्त्यांत दोघांचं वादन पुसून टाकण्यात आलं. गायकाच्या तेव्हाच्या बँडमधल्या बास आणि ड्रमवादकांकडून सगळे भाग नव्याने वाजवून घेतले आणि जुन्या गिटार-गायनाखाली बसवले. आधी ग्राहकाला याची कल्पना नव्हती. कव्हरवर स्टिकर आला तो नंतर.

व्यवस्थापनाची बाजू अशी, की जुन्या वादकांचं वागणं त्रासदायक होतं आणि त्यानिमित्ताने अल्बमला ताजेपणा देता आला. गायकाने पुढे हा निर्णय आपला नव्हता असं सांगितलं. वादकांचा रॉयल्टीचा दावा अमेरिकी न्यायालयात टिकला नाही. म्हणजे कायद्याने कंपनीला हे करण्यापासून कुणी अडवलं नाही. पण कायदा आणि ध्वनिमुद्रण या दोन वेगळ्या बाबी आहेत, आणि ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीने हा उद्योग उलट्या दिशेने झाला, हे मान्य करायलाच हवं.

रॉक अल्बमचं मुद्रण साधारणपणे खालून वर होतं. ड्रम आणि बास आधी पक्के होतात, त्यांच्या लयीच्या किंचित पुढे-मागे गिटार झुकते, आणि गाणं चालतं ते त्या झुकण्यामुळे. इथे गिटारवादक १९ मार्च १९८२ रोजी विमान अपघातात गेलेला. तो ज्या ड्रमवर टेकून वाजवत होता ते खालून काढले आणि वीस वर्षांनी दुसऱ्याने त्याच्या हातांचा माग काढत नवे भरले. नवे वादक अव्वल दर्जाचे होते, प्रश्न त्यांच्या कुवतीचा नाही. ‘ओव्हर द माउंटन’च्या सुरुवातीची ड्रमची धाव दोन्ही आवृत्त्यांत लागोपाठ ऐकावी: स्वर तेच, पण मूळ वादकाची टॉमवरची ओलसर घरघर नाही, आणि गिटार आत येते तिथे सांधा जाणवतो. बासचं तर आणखी स्पष्ट आहे. मूळ बास गिटारच्या खाली स्वतःची चाल चालवतो. नवा बास जास्त जड आहे आणि त्या चालीच्या बारकाव्यांवरून सरळ जातो.

२०११च्या आवृत्त्यांत मूळ वादन परत आलं. त्यामुळे आज दुकानात नवी प्रत घेतली तर धोका नाही, धोका आहे तो जुन्या बाजारात. मागच्या बाजूच्या हक्काच्या ओळीत २००२ हे साल आणि ‘ब्लिझार्ड’च्या शेवटी ‘यू लुकिन’ अॅट मी लुकिन’ अॅट यू’ हे जादा गाणं दिसलं, की सावध व्हावं. मात्र तेच गाणं २०११च्या आवृत्तीतही आहे, म्हणून साल पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये. १९९५चा रीमास्टर मूळ वादनाचा आहे.

दोन वर्षांनी, २००४मध्ये, मेगाडेथचे जुने अल्बम नव्याने मिक्स होऊन आले. ‘रस्ट इन पीस’च्या (१९९०) काही मूळ गायनपट्ट्या सापडल्या नाहीत, म्हणून त्या गाण्यांचं गायन गायकाने चौदा वर्षांनी पुन्हा केलं. इथे हेतू वेगळा होता आणि कव्हरवर रीमिक्सचा उल्लेखही होता, तरी परिणाम जवळजवळ तसाच: १९९०चा आवाज हवा असेल तर १९९०ची सीडीच शोधावी लागते. उलट टोकाचं उदाहरण मेटालिकाच्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’चं. १९८८पासून त्यात बास ऐकू येत नाही अशी तक्रार आहे, आणि २०१८च्या रीमास्टरमध्येही मिक्सला हात लावलेला नाही. अनेकांची निराशा झाली, पण संग्राहकाच्या दृष्टीने हेच बरोबर.

आवाज ठोकण्याची गोष्ट सामान्य श्रोत्यापर्यंत पोचली ती २००८मध्ये, मेटालिकाच्याच ‘डेथ मॅग्नेटिक’मुळे. त्याच गाण्यांची गिटारच्या व्हिडिओ गेममधली आवृत्ती सीडीपेक्षा मोकळी निघाली. लोकांनी आलेख शेजारी-शेजारी ठेवले आणि सीडी पुन्हा मास्टर करा अशी मागणी केली. डायनॅमिक रेंज, म्हणजे शिखरं आणि सरासरी आवाज यांतलं अंतर, मोजणाऱ्या मीटरवर ती सीडी ३वर येते. ऐंशीच्या दशकातल्या सीडी सहसा १०च्या पुढे असतात. हा आकडा सीडीशी सीडी ताडायला ठीक आहे. एलपीवरून उतरवलेल्या फाइलला तो लावू नये: सुई आणि कटिंगच्या प्रक्रियेत शिखरांचा आकार बदलतो, आणि तोच ठोकलेला मास्टर एलपीवरून मोजला तर दोन-तीन गुण जास्त दाखवतो. ‘एलपीचा मास्टर वेगळा आहे’ हे बरेच दावे याच गैरसमजावर उभे आहेत.

स्ट्रीमिंगवर आता पातळी साधारण उणे १४ एलयूएफएसला (हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणली जाते, म्हणजे ठोकलेल्या मास्टरचा मोठ्या आवाजाचा फायदाही गेला, नुकसान तेवढं उरलं. शिवाय तिथे बहुधा सगळ्यात नवी आवृत्तीच ठेवलेली असते आणि जुनी गुपचूप नाहीशी होते.

एलपीचं पुनरागमन सगळ्यांना ठाऊक आहे. अमेरिकेत २०२०मध्ये एलपीची कमाई सीडीच्या पुढे गेली. त्याच वर्षी ६ फेब्रुवारीला कॅलिफोर्नियात लॅकर तबकड्या (ज्यांवर एलपीची मूळ खाच कापतात) बनवणारा कारखाना जळाला. जगात असे दोनच होते, दुसरा जपानमध्ये. त्यानंतर प्रेसिंगच्या रांगा लांबल्या. २०२२मध्ये एका महागड्या पुनर्मुद्रण कंपनीच्या ‘संपूर्ण अॅनालॉग’ समजल्या जाणाऱ्या एलपींमध्ये अनेक वर्षं एक डिजिटल टप्पा होता हे उघड झालं आणि प्रकरण अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटलं. गंमत अशी, की त्या एलपींच्या आवाजाला तोवर कुणी नावं ठेवलेली नव्हती.

प्रत ओळखायची तर कव्हरवर भरवसा ठेवू नये. एलपीच्या लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यावर कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक तिरक्या प्रकाशात वाचावा. कुणी कापली याची सहीही अनेकदा तिथेच असते. सीडीच्या मधल्या कड्याभोवती आयएफपीआय असा सूक्ष्म कोड असेल, तर ती १९९४च्या आधीची नाही, विक्रेता काहीही म्हणो. ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ असेल तर साधारण १९९०पर्यंतची. ब्रिटनच्या एका कारखान्यात १९८८ ते १९९३ दरम्यान निघालेल्या काही सीडी कडेपासून तपकिरी होत जातात. अशी दिसली तर आधी पूर्ण रिप करून पाहावी, शेवटच्या गाण्यांत चुका निघाल्या तर सोडून द्यावी.

दोन आवृत्त्यांत फक्त मास्टरिंग बदललंय की मिक्स, हे पाहायला एका फाइलची ध्वनिलहर उलटी करून दुसरीवर टाकण्याची युक्ती सांगितली जाते: दोन्ही सारख्या असतील तर शांतता उरते. टेपवरून दोनदा उतरवलेल्या गाण्यांवर ती चालत नाही, कारण टेपचा वेग किंचित सरकतो आणि पूर्ण शांतता कधीच मिळत नाही. त्यापेक्षा हेडफोनवर तीन गोष्टी ऐकाव्यात: सोलो डावीकडे आहे की उजवीकडे, स्नेअरचा निनाद किती लांबतो, आणि शेवटचं फेड-आउट कोणत्या ओळीवर संपतं. या तिन्ही जुळल्या तर मिक्स बहुधा तोच.

गाण्यांच्या यादीवरही लक्ष ठेवावं लागतं. आयर्न मेडनच्या ‘द नंबर ऑफ द बीस्ट’मध्ये १९८२ला आठ गाणी होती. ‘टोटल इक्लिप्स’ तेव्हा फक्त सिंगलच्या मागच्या बाजूला आलं होतं. १९९८च्या सीडीत ते आठव्या क्रमांकावर आत घुसवलं, तेही ‘हॅलोड बी दाय नेम’च्या अगोदर. २०१५च्या रीमास्टरमध्ये पुन्हा आठच. आणि २०२२च्या चाळिसाव्या वर्षाच्या एलपीत ‘गँगलँड’ काढून त्याच्या जागी ‘टोटल इक्लिप्स’ ठेवलं, म्हणजे १९८२मध्ये निवड चुकली असं बँडला वाटत होतं, ते चाळीस वर्षांनी तबकडीवर उतरवलं. मूळ आठ गाणी एलपीवर हवी असतील, तर २०१४ची काळी एलपी किंवा त्याआधीची प्रत घ्यावी.