मनगटाचा पट्टा: आधी हालचाल ओळखा, मग माप घ्या

मनगट म्हणून आपण बोट ठेवतो तिथे एक सांधा नसतो, सांध्यांची गर्दी असते. कोपराकडून आलेली दोन लांब हाडं एका बाजूला, तळहाताची पाच दुसऱ्या बाजूला आणि मध्ये आठ लहान हाडं, दोन ओळींत, एकमेकांना दाटून बसलेली. यातल्या कोपराकडच्या ओळीची गंमत अशी, की तिच्या तीन मुख्य हाडांना एकही स्नायू थेट जोडलेला नाही. शेजारची हाडं ढकलतील तशी ती सरकतात. त्यांना जागेवर ठेवतात ते अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे. ज्यांचे सांधे जन्मतः अतिलवचीक असतात त्यांच्या या बंधांतच ढिलाई असते. मग बरणी उघडताना किंवा हातावर जोर देऊन उठताना मनगट सरकल्यासारखं वाटतं, आणि जे काम अस्थिबंधांनी करायचं ते कोपराखालचे स्नायू दिवसभर करत बसतात. संध्याकाळची ठसठस बऱ्याचदा या स्नायूंच्या थकव्याची असते. (नुसता कट्ट आवाज होतो पण दुखत नाही, असं असेल तर मनावर घेऊ नये.)

लवचीकता मोजायची बेइटन चाचणी 9 गुणांची आहे. करंगळ्या 90 अंशांपलीकडे मागे जातात का, अंगठे कोपराखालच्या हाताला टेकतात का, कोपर आणि गुडघे 10 अंशांपेक्षा जास्त उलटे वळतात का, गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकतात का, एवढंच त्यात पाहतात. 50 वर्षांपर्यंतच्या प्रौढांत 5 किंवा अधिक गुण आले तर सर्वांगीण अतिलवचीकता मानतात. पण या यादीत मनगटाला स्वतःचा गुण नाही. त्यामुळे गुण कमी आले म्हणून मनगट घट्ट आहे असं धरून चालू नका.

आता पट्ट्याकडे वळू. बहुतेक जण माप विचारतात, फार तर कडक की मऊ ते विचारतात. खरा पहिला प्रश्न वेगळा आहे: कुठली हालचाल अडवायची आहे? दोन दिवस वहीत नोंद करा. काम कोणतं होतं, त्या वेळी मनगट कुठल्या दिशेला वळलेलं होतं, आणि एकाच बोटाने दाखवायचं तर दुखतं नेमकं कुठे. एवढ्या नोंदीवर निम्मी निवड होऊन जाते.

तळहात टेकवून उठताना किंवा काही ढकलताना मनगटाच्या वरच्या, म्हणजे पालथ्या बाजूला कळ येत असेल, तर हात मागे झुकण्याला अटकाव हवा. इथे एक साधं यंत्रशास्त्र कामी येतं. कुठलाही स्प्लिंट, म्हणजे कडक पट्टीचा आधार, तीन ठिकाणी दाबून काम करतो: एक दाब हातावर, दुसरा कोपराखालच्या हातावर आणि त्यांच्या विरुद्ध दिशेने तिसरा, मनगटावर. पट्टी पालथ्या हाताच्या बाजूला असेल तर हात मागे जाताना तो थेट पट्टीवर आदळतो, म्हणून ती मागे झुकणं ठामपणे अडवते. पट्टी तळहाताकडून असेल तर ती पुढे वाकणं ठामपणे अडवते, आणि मागे झुकणं अडवायचं काम वेल्क्रोच्या पट्ट्यांवर पडतं. पट्टे थोडे सैल झाले की तो अटकाव गेलाच. बाजारातले बहुतेक तयार स्प्लिंट तळहाताकडून पट्टी असलेले असतात. त्यामुळे मागे झुकण्याचा त्रास असलेल्यांनी वरच्या बाजूलाही पट्टी असलेला स्प्लिंट निवडावा.

करंगळीच्या बाजूला दुखत असेल आणि किल्ली फिरवताना, कपडा पिळताना ते वाढत असेल, तर मात्र नेहमीचा लांब स्प्लिंट फारसा उपयोगी पडत नाही. तळहात वर-खाली फिरवण्याची हालचाल मनगटात होत नाही, कोपराखालची दोन लांब हाडं एकमेकांभोवती फिरतात तेव्हा ती होते. मनगट जखडलं तरी ही फिरकी चालूच राहते. इथे लागतो तो अरुंद, न ताणणारा पट्टा, जो त्या दोन हाडांची टोकं एकत्र धरतो आणि मनगट मोकळं ठेवतो. त्याचा फायदा होईल का, हे घरच्या वजनकाट्यावर पाहता येतं. काटा टेबलावर ठेवा, कोपर सरळ ठेवून तळहाताने हळूहळू दाबा आणि दुखायला लागेल तो आकडा लक्षात ठेवा. मग त्या दोन हाडांच्या टोकांभोवती पट्टा बांधून पुन्हा दाबा. आकडा स्पष्ट वाढला, तर पट्टा योग्य जागी काम करतो आहे. जोराने मात्र दाबू नका, दुखायला लागताच थांबा.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल, तर प्रश्न नसेचा, म्हणजे मज्जातंतूचा आहे. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून 9 स्नायुरज्जू (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि एक मोठी नस जाते. हात पुढे किंवा मागे वाकला की बोगद्यातला दाब वाढतो, सरळ असताना तो सर्वांत कमी असतो. गोम अशी, की तयार स्प्लिंटमधली धातूची पट्टी बऱ्याचदा 20 ते 30 अंश मागे वळवलेली येते. दिवसा वस्तू पकडायला हा कोन छान, कारण हात किंचित मागे असताना बोटांची पकड सर्वांत जोरकस बसते. रात्रीच्या मुंग्यांसाठी तो चुकीचा. पट्टी खिशातून बाहेर काढा, टेबलाच्या कडेवर दाबून जवळजवळ सरळ करा आणि परत घाला. अॅल्युमिनियम वारंवार वाकवल्याने ठिसूळ होऊन तडकतं, तेव्हा रात्री सरळ आणि दिवसा वाकडी असा रोजचा खेळ करू नका. असा स्प्लिंट रोज रात्री वापरून किमान 6 आठवडे द्यावेत, मगच उपयोग झाला की नाही ते ठरवावं. बोटं सतत बधिर राहत असतील किंवा अंगठ्याच्या मुळाचा मांसल उंचवटा सपाट होत असेल, तर इतके दिवस थांबायचं नसतं, लगेच डॉक्टरांना दाखवायचं.

अंगठ्याच्या बाजूच्या दुखण्याला अंगठाही धरणारा स्प्लिंट लागतो. त्यात अंगठ्याचं शेवटचं पेर मोकळं असावं, नाहीतर काहीच उचलता येत नाही. दुखणं अंगठ्याच्या अगदी मुळाशी, तळहातातच असेल, तर फक्त अंगठ्याचं मूळ धरणारा आखूड स्प्लिंट पुरतो. कळ मनगटाच्या वर चढत असेल तर लांब हवा. आणि लिहिताना मनगट दुखत असेल तर आधी बोटांकडे पाहा. पेनावरची पेरं उलटी वळत असतील, तर माणूस नकळत पेन आवळून धरतो आणि त्याचा भार मनगटावर येतो. तिथे पेराला घालायची आठच्या आकड्यासारखी कडी मनगटाच्या पट्ट्यापेक्षा जास्त काम करते.

कडकपणा किती हवा, याचं उत्तर: काम भागेल इतका कमी. मनगट पुढे सुमारे 80 अंश आणि मागे 70 अंश जातं, पण रोजची बहुतेक कामं दोन्हीकडे 40 अंशांच्या आत उरकतात. लवचीक मनगटाला त्रास होतो तो टोकाच्या हालचालीत. म्हणून मधली हालचाल मोकळी ठेवून टोक अडवणारा आधार सर्वांत उत्तम. सुमारे 3 मिलिमीटर जाडीचं निओप्रीन, म्हणजे स्पंजासारखं कृत्रिम रबर, हे बऱ्यापैकी साधतं. शिवाय त्याचा त्वचेवरचा हलका दाब मेंदूला सांध्याची जागा कळवत राहतो. अतिलवचीक सांध्यांत ही जाणीव अनेकदा कमी असते, आणि एखादा साधा मऊ पट्टा त्याच्या ताकदीच्या मानाने जास्त गुण देतो तो बहुधा यामुळेच. उलट पूर्ण जखडलं, की मनगटाने न केलेली हालचाल कुणीतरी करावीच लागते. खांदा वर उचलला जातो, कोपर बाहेर निघतं, अंगठ्याच्या मुळावर भार येतो. सगळेच सांधे सैल असलेल्या माणसाच्या बाबतीत तो पुढचा सांधाही काही भक्कम नसतो.

थेरपिस्ट मापाचा स्प्लिंट बनवतात तो थर्मोप्लास्टिकचा. साधारण 60 ते 75 अंश सेल्सियसच्या पाण्यात हा पत्रा मऊ होतो आणि हातावर ठेवून काही मिनिटांत आकार घेतो. मनगटासाठी बहुधा 3.2 मिलिमीटर जाडीचा वापरतात, बोटांसाठी 1.6 मिलिमीटरचा. जे पाण्यात मऊ होतं ते उन्हात बंद गाडीतही वाकडं होतं. गरम पाण्याने धुतलात तरी तेच.

माप घेताना करंगळीच्या बाजूचं उंच हाड शोधा आणि त्याच्या लगेच कोपराकडच्या बाजूने टेप फिरवा. संध्याकाळी हात किंचित सुजत असेल तर माप संध्याकाळचंच धरा. लांबी कोपराखालच्या हाताच्या दोन तृतीयांश असावी. आखूड स्प्लिंट हलका वाटतो खरा, पण तरफेचा दांडा जितका लहान तितका कडेवरचा दाब मोठा, आणि मग त्याच कडेचा वळ उठतो. तळहातात स्प्लिंट बोटांच्या मुळाजवळच्या आडव्या रेषेच्या अलीकडे संपला पाहिजे. तपासायला सोपं आहे: पूर्ण मूठ मिटली पाहिजे आणि अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला लागलं पाहिजे. यातलं एक जरी झालं नाही तरी तो स्प्लिंट तुमचा नाही, मग माप तक्त्यात कितीही चपखल बसो.

उंच हाडावर स्प्लिंट घासू लागला की लोक तिथे स्पंजचा तुकडा चिकटवतात. मग जास्तच दुखतं. कारण सरळ आहे: आधीच दाटलेल्या जागेत आणखी जाडी भरली, दाब वाढला. स्पंज हाडाभोवती कड्यासारखा लावावा आणि हाड मधल्या पोकळीत बसू द्यावं. थर्मोप्लास्टिक असेल तर थेरपिस्टकडून तेवढा भाग गरम करून बाहेर फुगवून घ्यावा.

बांधताना आधी अंगठ्याचं भोक पूर्ण खाली बसवा, मग मनगटावरचा पट्टा, नंतर कोपराकडचा, शेवटी तळहातावरचा. मनगटाचा पट्टा आधी घट्ट झाला नाही तर स्प्लिंट हळूहळू बोटांकडे सरकतो आणि धातूची पट्टी वाकण्याच्या जागेपासून दूर जाते. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम सरकलं पाहिजे. नख दाबून सोडलं की 2 ते 3 सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. पहिल्या दिवशी 20 मिनिटं घाला आणि काढून त्वचा पाहा. लाल खूण 20 ते 30 मिनिटांत गेली तर वेळ वाढवा. गेली नाही तर घट्ट बांधलंय किंवा आकारच चुकलाय. एहलर्स-डॅनलॉस या अतिलवचीकतेच्या जन्मजात विकारात त्वचा नाजूक असते, वेल्क्रोच्या खरखरीत कडेनेही ओरखडे आणि काळेनिळे डाग पडतात. खाली सुती नळीसारखं कापड घालावं. खाज येऊन पट्ट्याच्या आकाराचा चट्टा उठला तर घामाला दोष देऊन थांबू नका. निओप्रीन बनवताना वापरलेल्या रसायनांची, विशेषतः थायोयुरियाची, ॲलर्जी असू शकते. मग साहित्यच बदलावं लागतं.

किती वेळ घालायचा? कामापुरता. ज्या तासात मनगट दगा देतं त्या तासात घाला, नंतर काढा. दुखणं अचानक उसळलं तर काही दिवस जास्त वेळ चालेल, पण दर दोनेक तासांनी काढून बोटं आणि मनगट सहज फिरतील तेवढे फिरवावेत. आठवडेच्या आठवडे पूर्णवेळ बांधून ठेवलं की स्नायू रोडावतात, आणि सैल सांध्याला शेवटी धरून ठेवणारे तेच असतात. जोडीला साधा व्यायाम: मनगट सरळ ठेवून मूठ टेबलाच्या खालच्या बाजूला वर दाबायची, मग वरच्या बाजूला खाली दाबायची. हात हलवायचा नाही, फक्त जोर लावायचा, 5 ते 10 सेकंद, दहा वेळा, न दुखता. ताणण्याचे व्यायाम इथे नकोत, ताण आधीच पुरेसा आहे. आणि कीबोर्डवर तळहाताकडून पट्टी असलेला स्प्लिंट घालू नये. पट्टी टेबलाच्या कडेला टेकते आणि दाब बरोबर त्या बोगद्यावर येतो.

काही दुखणी पट्ट्याने झाकायची नसतात. हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणला की दिसणाऱ्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर तिथलं लहान हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक्स-रेत ते दिसेलच असं नाही, म्हणून 10 ते 14 दिवसांनी पुन्हा तपासणी करतात. सांधा गरम, लाल आणि सुजलेला असून ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. सकाळचा ताठरपणा रोज अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल तर संधिवाताची तपासणी करून घ्या.

शेवटची एक छोटी सोय. नवा पट्टा योग्य बसला त्या दिवशी वेल्क्रोचं टोक जिथे येतं तिथे पेनाने रेघ मारा. पुढे टोक रेघेच्या खूप पलीकडे जाऊ लागलं, तर निओप्रीन ताणून सैल झालंय, पट्टा बदला. रेघेपर्यंत पोचतच नसेल, तर पट्टा ठीक आहे, हात सुजलाय.